काटा उतरेपर्यंत

लाखनी,
२९ मे २०१७

चि. अनुप,

इकडे सगळं ठीक आहे. नवतपा लागलाय, या नऊ दिवसांच्या कडक उन्हात दुपारी दुकानात कोणी फिरकत नाही. तुझे बाबा साड्यांच्या घड्या मोडतात आणि पुन्हा घालतात. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी गाडीचं. गेल्या वर्षी तू ती अंगणात आणून लावलीस आणि म्हणालास, "ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स तापते, भंगारात देऊन टाका." मी दिली नाही. चौकातल्या ईश्वर मिस्त्रीला दाखवली. गिअरबॉक्सचं तेल काळं पडलं होतं, करपल्यासारखा वास येत होता. ते तेल थंड करणारी पुढची जाळी धुळीनं आणि कोंड्यानं बुजली होती. जाळी धुतली, तेल बदललं आणि स्टिअरिंगजवळ एक लहान मीटर बसवून घेतलं. त्यात तेलाचं तापमान दिसतं. काटा शंभरच्या आत असला तर निवांत, एकशे दहाला जपून, एकशे वीसच्या आधी गाडी बाजूला घ्यायचीच. त्याच गाडीवर मी शिकले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर. लोक हसले. तुझे बाबाही हसत होते, लायसन्स हातात येईपर्यंत.

परवा मी नागपूरला येऊन गेले, ते तुला ठाऊकच आहे. पण गाडी शेजारच्या केवळरामनं आणली असं तू समजतो आहेस. तो आपल्या शेतावर होता. मी एकटी आले.

सकाळी माझ्या सुनेचा, राखीचा, फोन आला होता. "आई, तुम्ही येता का?" एवढंच बोलली. मी का म्हणून विचारलं नाही. तू कामावर गेला होतास. ती एक पिशवी घेऊन दारातच उभी होती. मी पाणी प्यायले आणि आम्ही निघालो. गाडीत तिला पट्टा लावता येईना, उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. मी लावून दिला.

मौद्यापर्यंत काटा नव्वदच्या आसपास होता. भंडारा ओलांडल्यावर वैनगंगेच्या पुलावर ट्रक बंद पडलेला. वर ऊन, खाली डांबर, गाड्यांची रांग. अशा रांगेत ही गाडी मुंगीच्या पावलानं सरकत राहिली की तेल तापतं. म्हणून मी न्यूट्रलला टाकून थांबायचे, पुढे चांगली जागा झाली की एकदमच जायचे. मागचे हॉर्न वाजवत होते. एकानं बाजूला येऊन विचारलं, "काकू, झोपल्या काय?" मी मान वळवली नाही. एसी बंद केला, काचा उघडल्या. तरी काटा एकशे अठरावर गेला. मग गाडी डावीकडे ढाब्याच्या झाडाखाली घेतली, पार्किंगला टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं. ते चालू असलं तरच तेल जाळीतून फिरतं आणि थंड होतं.

राखी सारखी मागं बघत होती. "आई, थांबू नका ना. ते येऊन राहिले असतील."

"येऊ दे. हा गिअरबॉक्स जळला तर आपण दोघी इथंच राहू."

थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही मले वापस तर नाही ना पाठवणार?"

मी काही बोलायच्या आत तुझा फोन आला. "आई, ते डबडं लाखनीपर्यंत जात नाही. मुकाट्यानं वापस ये. घरची गोष्ट आहे." मी म्हणाले, "मी तापमान पाहून राहिली, मंग बोलते," आणि फोन ठेवला. म्हातारी घाबरली असं तुला वाटलं असेल. हो, घाबरले होते, काटा हलत नव्हता म्हणून. तुझ्या आवाजाला मी कायले घाबरू?

राखीला म्हटलं, "नाही पाठवत." तेव्हा तिनं उजव्या मनगटावर गुंडाळलेली ओढणी काढली. हात निळा पडून सुजला होता.

"दरवाज्यात सापडला का?"

"दरवाजा नाही, आई."

आणि मग ती दिवाळीपासूनचं सगळं सांगत गेली. ते मी इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. मी तिला मधे अडवलं नाही. काटा पंच्याण्णववर आला तेव्हा तिचं बोलून झालं होतं आणि पूलही मोकळा झाला होता.

सकाळी तुझे बाबा मला म्हणाले होते, "लेकाच्या संसारात पडू नको." संध्याकाळी त्यांनीच राखीला डॉक्टरकडे नेलं. हाडाला तडा आहे, प्लास्टर घातलं. परत आल्यावर जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो आला तर मी दारात उभा राहतो."

काल तू त्यांना फोनवर सांगितलंस की रविवारी येऊन गाडी आणि राखी दोन्ही घेऊन जातो. गाडी तुझ्या नावावर आहे, ने. राखी कोणाच्या नावावर नाही. ती इथं तिच्या मर्जीनं राहते आहे, जाईल तेव्हाही तिच्याच मर्जीनं जाईल.

पोलिसांत तक्रार द्यायचं तिनं ठरवलं आहे. उद्या सकाळी मी तिला भंडाऱ्याला घेऊन जाते. तिथं मला विचारतील, तर जे पाहिलं ते सांगेन. पोटचा आहेस म्हणून त्यातला एक शब्दही कमी करणार नाही.

तुझी आई आणि राखीची साक्षीदार,
जानकी