पाणी आलं वाटलं म्हणून

देवू,

मंगळवेढ्याला मावशीकडं जातेय, संध्याकाळी येईन. झुणका गरम करून घे.

काल तू घरातले आवाज टिपून केलेला अल्बम ऐकता ऐकता मी उठले, ते आवडला नाही म्हणून नव्हे गं. पहिल्याच गाण्यात नळ खरखरला आणि मला वाटलं, पाणी आलं! घागर घेऊन मोरीत धावले, तर नळ कोरडाच. परत येऊन वर तुलाच म्हणाले, "हे कसलं गाणं?" तू न जेवता झोपलीस. चुकलंच माझं.

आज पहाटे सगळा ऐकला. फारसा कळला नाही, खरं सांगते. पण शेवटी नळाच्या आवाजामागं भांडी घासत कुणीतरी गुणगुणतंय. तो माझाच आवाज की!

बाबा गेल्यापासून गाणं सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

आई