माझ्या माघारी यांना कोणी बांधू नये

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. या घरात शुद्धीत असलेली मी एकटीच उरले, म्हणून ही घाई.

माझे यजमान तेहेतीस वर्षे गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. एकदा चोरांनी त्यांचे डोके फोडले. त्यातला एक निसटला. आता अल्झायमरमुळे तो चोर त्यांना माझ्यात दिसतो. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही, त्याने सहा महिन्यांत माझ्या दोन बरगड्या मोडल्या, कढईने कपाळ फोडले आणि एकदा डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत गळा आवळला.

कलम एक. यांच्या हातून माझा जीव गेला तर तो खून समजू नये. पोलिसांना हा कागद दाखवावा. हात यांचे असतील, पण त्या वेळी हे घरात नसतात.

कलम दोन. घर माझ्या नावावर आहे. ते विकून यांना अशा रुग्णांच्या केंद्रात ठेवावे. तिथे आमच्यापुढे अठ्ठावन्न जण आहेत. म्हातारे वाढले, खाटा तेवढ्याच. मी मेले तरी नंबर सोडू नये.

कलम तीन. मुलाला काही नाही. त्याने बापाला पलंगाला बांधले. मनगटांची साल निघाली. "दुसरा काय इलाज आहे, आई? मारून टाकतील ते तुला," म्हणाला. मी कात्रीने दोर कापला आणि तीच कात्री त्याच्यावर उगारली. त्याचे मला वाईट वाटत नाही. शिलाई मशीन मुलीला. नणंद म्हणते, "तू नीट सांभाळलं असतंस तर त्याने हात उचलला नसता." वर्षातून दोनदा येते, तिला दुरून डोंगर साजरे. तिलाही काही नाही.

कलम चार, सांभाळणाऱ्यांसाठी. यांनी काठी उचलली तर ओरडू नये, हात धरू नये. हजेरीची वही पुढे करून म्हणावे, "ड्यूटी संपली, सही करा." गिरणीत सही झाली की पहारेकरी काठी पुढच्या पाळीवाल्याच्या हातात देई. हे अजूनही देतात. मंगळवारी वही दुसऱ्या खोलीत राहिली, ती चूक माझी.

साक्षीदार: तळमजल्यावरची नर्स (लेखनही तिचेच), कोपऱ्यावरचा घड्याळजी.
स्थळ: आमचे स्वयंपाकघर. शुक्रवार, ता. १४, सकाळी दहा.

उजव्या हाताची तीन बोटे मंगळवारी मोडल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा केला आहे. पट्टी यांनीच बांधली. बांधताना रडले आणि म्हणाले, "कोणी मारलं गं तुला? नाव सांग, जिवंत सोडत नाही त्याला." मी सांगितले नाही. तुम्हीही सांगू नका.