ही पौर्णिमा की पुढची

१९ जुलै १९०९

पुन्हा पेज! तीही इतकी पातळ की वाटीचा तळ दिसतो. पण रुक्माबाईला बोलणार कसं? तिच्याच वाट्यातली ती. दोन वर्षं झाली, पडवीत बिऱ्हाड दिलंय, रांधून घालते. तिचा नवरा उमाजी इथला तांडेल—साऱ्या होड्या त्याच्या शब्दावर. पण होड्या वाळूत, माडाच्या चुडतांखाली झाकलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय इथं कुणी पाण्यात होडी घालत नाही.

आणि घरात तांदळाची ही तऱ्हा असताना बाई कालपासून तुळशीशी दिवा लावतेय! खोबरेलाचा! विचारलं तर, "बोललेय म्हणून." (त्यांची कोकणी मी माझ्या डोंगरी बोलीतच लिहितो, दुसरी लिहिता येत नाही.) बायकांची व्रतं देव जाणे.

२४ जुलै

पटावर एकतीस, आली नऊ. दोघं पाटीवर डोकं टेकून झोपली. छडी उचलली आणि खाली ठेवली.

शाळेवरून येताना घरोघर डोकावलो. चुली थंड. वाळूच्या जमिनीला ओल, विहिरीचं पाणी मचूळ, सुकी मासळी संपलेली. खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्याही बायकांनी उकरून उकरून संपवल्या. आमच्या डोंगरातल्या जोयड्याला वाईट दिवस आले तर रानात कंद तरी खणता येतात. इथं एवढा समुद्र उशाशी, आणि तोंडात घालायला घास नाही! काळी नदीला आमच्याच डोंगरांचं लाल पाणी आलंय, त्यामुळे पलीकडं नेणारी तरही बंद.

२७ जुलै

काशीला दूध येत नाही. काशी म्हणजे उमाजीची सून, झिलूची बायको. पोर दीड महिन्याची. रडते तीही बारीक, मांजराच्या पिल्लागत. ऐकवत नाही.

झिलू दिवसभर आपल्या होडीच्या सावलीत बसून जाळं सांधतो. सांधलेलंच पुन्हा सांधतो. मला बघून हसला. "मास्तर, तुमच्या डोंगरात मासं गावत्यात का ओ? तितंच जाऊ मग!"

२९ जुलै

उमाजी चौघांना घेऊन पडवीत आला. गावात पंचांग एकच—माझं. भट पलीकडच्या काठाला अडकलेला.

"मास्तर, नारळ कंच्या पुनवंला? ह्या, का फुडल्या?"

पंचांगात स्वच्छ छापलंय, अधिक श्रावण. अधिकात सण नाही. खरी नारळी पौर्णिमा पुढची, ३० ऑगस्टला. म्हणजे आणखी महिनाभर असंच! बोट त्याच ओळीवर होतं माझं. आत पोर रडत होती. मी म्हणालो—ही. रविवारची.

उमाजीनं पंचांगाला हात लावून कपाळाला नेला. "तुमी म्हणता तर व्हय." गेले.

समुद्राला काय कळतं अधिक न् निज? गेल्या वर्षी नारळ पडला अकरा ऑगस्टला. दहाच दिवस आधी! दहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? बरोबर केलं मी. बरोबरच केलं.

१ ऑगस्ट

नारळ दिला. लाटेनं दोनदा परत आणला, तिसऱ्यांदा नेला. होड्यांवरची चुडतं निघाली.

३ ऑगस्ट

मासळी! कोळंबीच्या टोपल्याच्या टोपल्या! दोन वर्षं नाक दाबून फिरलो, आज वासाच्या मागं आपणहून किनाऱ्यावर गेलो. शाळेत सव्वीस पोरं. काशी दोनदा जेवली.

झिलूनं पडवीत येऊन एक भला मोठा मासा आपटला. "ह्यो तुमचा वाटा!" पोट दुखेस्तोवर खाल्लं. खोटं बोलून एवढी गाढ झोप लागेल असं वाटलं नव्हतं.

५ ऑगस्ट

दुपारी वारा फिरला. आठ होड्या गेल्या होत्या. दिवेलागणीपर्यंत सात आल्या. झिलूची नाही.

६ ऑगस्ट

नाही.

८ ऑगस्ट

दक्षिणेला वाळूत सुकाणूची फळी सापडली. तिच्यावर झिलूनं कोरलेली फुली. त्याच्याबरोबर मारुती होता, त्याचं तर लग्न व्हायचंय.

काशीनं मला काही विचारलं नाही. उमाजीनंही नाही. रुक्माबाईनं रोजच्यासारखं ताट वाढलं, वर मासळीचा तुकडा. ताट तसंच परत सारलं. मी मारलं त्याला. दुसरं काय म्हणू?

११ ऑगस्ट

गेल्या वर्षी आजच नारळ पडला होता. समुद्र निवांत आहे. पोरं गुडघाभर पाण्यात खेळताहेत. दहा दिवस!

१४ ऑगस्ट

नदीवरची तर सुरू झाली. दोन दिवसांत भट येईल आणि म्हणेल, अरे, हा तर अधिक महिना! मग कळेल सगळ्यांना मास्तर खोटं बोलला. दगड मारतील. मारू देत. पण त्याच्याआधी रुक्माबाईला माझ्या तोंडून कळायला हवं. आज दोनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. दोनदा पाणी मागून परत आलो. भित्रा आहे मी.

१६ ऑगस्ट

तुळशीशी आज दिवा नव्हता. निदान बोलायला काहीतरी म्हणून विचारलं.

"संपला की म्हयना. अधिकाचा दिवा त्यो. म्हयनाभर लावायचा."

महिनाभर! म्हणजे पहिल्या दिवसापासून—

"समद्यांस्नी ठावं हुतं, मास्तर. पर आमच्या तोंडानं कसं म्हणायचं?"

झिलूला? झिलूलाही?

"त्योच म्हणला हुता, मास्तरला इचारा. त्याचं काळीज मऊ हाय. व्हय म्हणंल."