घोडीच्या गाडीचं छोटं दार

प्रिय नमिता,

पत्राचं कारण शेवटी लिहिते. आधी स्वप्निलच्या घोडीचं वाच, नाहीतर कारण नीट कळणार नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, हे तुला माहीत आहे. काना-मात्रा पडतील तिथे पडतील, तू उचलून घे. पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, नंदिनीच्या हाती देते आहे. तुझ्या सासरच्या गावी, तळेगावच्या शाळेत, मास्तरीण म्हणून तिची बदली झाली हे एक बरं झालं. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. फोन तुझ्या सासूचा, स्पीकर चालू, आणि मी काही विचारलं तरी तुझं आपलं "बरं आहे आजी". मागच्या खेपेला मी मुद्दाम विचारलं, काऊन वं, पाय मोडला का तुझा? तरी तू म्हणालीस, बरं आहे.

तर घोडी. मी दिवाळीनंतर तुझ्या बापाचं वर्ध्याचं घर सोडून हायवेवरच्या जाम गावी स्वप्निलकडे आले. तुझ्या या काकाने नोकरी सोडून वरातीची घोडी पाळली, म्हणून तुझा बाप त्याचं नाव घेत नाही. मला बरं आहे इथे. रस्त्यावर ट्रक वाजतात, आणि घोडी निदान उलटून बोलत नाही. पांढरीशुभ्र आहे, शेवंती नाव. लांबच्या लग्नाला तिला भाड्याच्या ट्रकमध्ये उभी करून न्यावं लागायचं. ब्रेक लागला की बिचारी गुडघ्यावर यायची. म्हणून स्वप्निलने शाळेची जुनी व्हॅन घेतली आणि चौकातल्या बंडूजीच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर नेऊन उभी केली.

बाकं उपटली. खाली जाड फळ्या ठोकल्या, वर रबराची चटई. घोडीचे कान टेकतील म्हणून छत उंच केलं. मागचं दार असं बसवलं की खाली पाडलं की तोच चढायचा उतार. ड्रायव्हरच्या पाठीशी पत्र्याची भिंत घातली, म्हणजे घोडीचं तोंड मानेवर येणार नाही. दोघंही टेप घेऊन घोडीची उंची, लांबी, छाती मोजत होते. नवरदेवाच्या कोटाचंही इतकं माप कोणी घेत नाही. मी खाटेवर बसून बघत होते आणि मधून मधून बोलत होते. बंडूजी म्हणे, "माय, तुमी आराम करा न." मी म्हटलं, आरामच करून राह्यली, तोंडाले काय लागते.

तयार झाल्यावर शेवंतीला आत घालायची वेळ आली. ती काही चढेना. मग स्वप्निल हातात गूळ घेऊन तिच्या पुढे चढला, मागे मागे सरकत, गोड बोलत. आली ती. बंडूजीने खूश होऊन मागचं दार धाडकन लावलं. त्या आवाजाला घोडी दचकली आणि पुढे सरकली, आणि तुझा काका पत्र्याची भिंत आणि घोडीची छाती यांच्या मधात अडकला. ओरडता येईना, ओरडलं तर ती आणखी पुढे येणार. बाजूने निघायला जागा नाही. बंडूजी मागून शेपटी ओढायला निघाला, त्याला मी शिव्या घातल्या. मागचं दार हळू पाडायला लावलं आणि कोंड्याची बादली घेऊन मीच मागे उभी राहिले, वाजवत. तेव्हा कुठे ती एकेक पाऊल मागे आली. स्वप्निल उतरला तो घामाने भिजलेला, तोंड पांढरं. हातातला गूळ तसाच होता.

तेव्हा मला तू आठवलीस. दिवाळीत अर्ध्या दिवसासाठी आली होतीस, सासूला बरोबर घेऊन. आपल्याच घरात तू तिच्याकडे बघून विचारलंस, मागं जाऊन येऊ का? संडासला जायला. आणि नंतर मोरीत माझा हात धरून म्हणालीस, आजी, मले नको पाठवू. मी तशीच बाहेर येऊन तुझ्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, माय, तू मधात नको पडू, जावई मारत नाई, पीत नाई, अजून काय पाहिजे. तोवर सासू गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. दुपारी ती देवळात आणि जावई दुकानात जातो तेव्हा बाहेरून कडी लावून जातात, हे मला नंदिनीने सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. कशी सांगशील, स्पीकरवर.

तर दुसऱ्या दिवशी मी बंडूजीला म्हटलं, इथे पुढच्या अंगाला, बाजूने, एक दार काप. तो म्हणाला, घोडी एवढ्याशा दारातून कशी निघंल? मी म्हटलं, घोडीसाठी नाई रे बाबा, जो तिले आत घेऊन जाते त्याच्यासाठी. माणूस वाकून निघेल एवढं दार झालं. छान झालं. पण त्याने सवयीने कडी लावली ती बाहेरून. ती मी काढायला लावली. आता आत आहे.

आता कारण. तुमच्या तळेगावात वासुदेवरावांच्या मुलाचं लग्न आहे येत्या रविवारी. घोडी आपली आहे. त्यांना आपला नंबर नंदिनीने दिला, आणि तिला द्यायला मी सांगितलं होतं. सगळ्या गावाला आवतण आहे, तुझी सासूही नटून वरात बघायला येईल, तुलाही आणावंच लागेल, लोकांना दाखवायला. घोडीबरोबर तिचा लगाम धरणारा आपला प्रेमदास चालेल, रात्री ती तिथेच राहील, सकाळी नेऊ. गाडी रिकामी, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून उभी असेल. स्वप्निल गाडीतच बसून राहील. पिवळी गाडी आहे, मागे "मुले आत आहेत, हळू चालवा" अजून तसंच आहे, मी पुसू दिलं नाही. बँड जोरात वाजायला लागला की नंदिनीचा हात धर आणि निघ. कपडे आणू नको, बी.एड.चे कागद तेवढे पोलक्यात घालून आणजो. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी बघते, तो माझ्या पोटचा आहे, मी त्याच्या नाही. नाही आलीस तर गाडी तशीच परत जाईल, मी काही बोलणार नाही, आणि तळेगावातलं पुढचं लग्न शोधायला लागेन. पण आलीस तर बाजूच्या छोट्या दारावर दोनदा थाप मारजो. कडी मीच काढीन. आत घोडीच्या चाऱ्याच्या कुटारावर बसून असेन, माझी कंबर दुखते, फार वेळ लावू नको.

तुझीच,
सुलोचना आजी

वाचून झालं की हे चुलीत घाल.