वरचं नाव

५ तारीख
अखेर झालो घरजावई! मित्र आता वर्षभर टर उडवणार. उडवू देत. सासूबाई एकट्या पडल्या होत्या आणि आमच्या दीड खोलीत माझं टेबल मावत नव्हतं. इथे वरची अख्खी खोली मिळाली, भरपूर उजेडाची. खोली बायकोच्या भावाची. ती त्याला दादा म्हणायची. आमच्या लग्नाआधीच तो गेला, मी त्याला पाहिलेलंही नाही.

त्याचा कॉम्प्युटर इथेच आहे, चांगला दणकट. मी घरांचे नकाशे काढतो आणि माझं सॉफ्टवेअर त्याच्या जुन्या सिस्टिमवर चालत नाही. सगळं पुसून नवी टाकणार होतो, तर सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, जावईबापू, त्याचं काही पुसू नका हो.

६ तारीख
तोड काढली. डिस्कचे दोन भाग केले, खोलीत मधोमध भिंत घालावी तसे. एकीकडे त्याची सिस्टिम, दुसरीकडे माझी. एका वेळी एकच जागी होते, दुसरी तोवर झोपलेली. सुरू करताना दोन नावं दिसतात, दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर वरचं नाव सुरू होतं. वर अर्थातच मी! ही रोजनिशी आणि लग्नाचे फोटो माझ्या भागात ठेवले. सासूबाईंना समजावलं तर म्हणाल्या, म्हणजे दोघंही घरात राहणार, बरं झालं. मलाही बरं वाटलं.

९ तारीख
सकाळी त्याचं नाव वर होतं. माझीच काहीतरी चूक असेल, नीट केलं. पण भिंतही जराशी माझ्या बाजूला सरकली आहे. नकाशावर मी रोज भिंती सरकवतो, ही आपोआप कशी सरकेल? एका जागी बसवत नाही, उगाच जिना चढतो-उतरतो आहे. सासूबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला. मला साखर सढळ हाताने लागते, तरी प्यायलो आणि आवडला. बोलता बोलता त्या मला चक्क 'अरे' म्हणाल्या. जावयाला! ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

१२ तारीख
पुन्हा त्याचं नाव वर. माझा भाग निम्म्यावर आला. लग्नाचे फोटो गेले. बायकोला सांगायला खाली पळालो आणि जिन्यातच थबकलो, लग्नाचा दिवसच आठवेना. कुठे झालं, कोण आलं होतं, काही म्हणता काही नाही. दिवे गेल्यावर लागणारी बॅटरी या घरात कुठे ठेवतात ते मात्र ठाऊक आहे, जिन्याखालच्या पेटीत. मला कोणी सांगितलं होतं?

१४ तारीख
काल दुपारी कॉम्प्युटर बंद करून जेवलो. त्यानंतर एकदम आज सकाळ. मधलं कोरं. बायको म्हणते, काल काय मजा आली! मी म्हणे शाळेचे किस्से सांगितले, भिंतीवरून पडून दात पाडल्याचे, आणि मायलेकी हसून हसून रडल्या.
माझे दात शाबूत आहेत.
बंद केलेला कॉम्प्युटर सुरू कोणी केला? सासूबाई म्हणाल्या, मीच की रे. त्यांनी कळ दाबली नव्हती, म्हणजे वरचं, त्याचंच नाव सुरू झालं. तो जागा असला की मी—

१५ तारीख
त्याचा भाग पुसायला बसलो. सासूबाई दारात. हात जोडून म्हणाल्या, राहू दे ना रे, तुझी आई आहे तुला, मला हा एवढा एकच.
हात धजला नाही. उठलो. आणि आईचं— माझ्या आईचं नाव—

१६ तारीख
आता बंदच करत नाही. तरी भिंत सरकते आहे—
बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिने एवढंच विचारलं, त्याला आमची आठवण येते का.

१७
जागा संपली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा म्हणतो आहे. करावंच लागेल.
वर त्याचं नाव. खाली माझं. आता एवढासा उरलो आहे, त्या दहा सेकंदांत मी नसेन— कळ तिलाच दाबावी लागणार. दाखवलं तिला. शेजारी बसली आहे. बोट कळीवर.
मी तिचा नवरा आहे. भीती वाटते—
विचारलं, खालचं नाव निवडशील ना? डोळे भरले तिचे. माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणाली, हो रे दा