कावेरी वाढायची ते पान

मसुरे,
ता. ९ एप्रिल १९६१

चि. गुरुदास यास सुभद्राआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. काजू यंदा बरे लागलेत. माझे गुडघे कुरकुरतात, त्यांना कामच काय दुसरं. तू कावेरीसाठी तिकडे वेड्यांच्या इस्पितळात सोय केल्याचं कळलं. बोटीची तिकिटं काढली असलीस तर परत कर. तुझी बायको कुठेही येत नाही.

रागावू नकोस, आधी वाच. ती एकटीच बोलते, कुणाला तरी पान वाढते, हे मीच तुला कळवलं होतं. गावाने बाधा म्हटलं, तू वेड म्हटलंस. पान कुणाचं, एवढं मात्र मी लिहायचं टाळलं. बाबा रे, ते तुझं होतं. लग्नानंतर एका गणपतीला आलास, पुढे नुसती ख्यालीखुशालीची कार्डं. मग तिने आपला एक गुरुदास करून घेतला. खरं सांगू, तो तुझ्यापेक्षा बरा होता. जेवताना तिची चौकशी करायचा.

गेल्या आठवड्यात शाळेमागे तंबूचा सिनेमा आला. मी तिला ओढूनच नेलं. बघते तर काय, बंगल्यात एकटी राहणारी बाई, रोज नसलेल्या माणसाला चहा ओतते, त्याच्याशी हसते. शेवटी चार माणसं तिला मोटारीत घालून नेतात. लोक खिदळत होते. वाटेत कावेरी एवढंच म्हणाली, "आते, ती चाय रोज निवान जाय. कोणीतरी पियाक होयी होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तुझा पाट मांडला, भात आणि कुळथाची पिठी वाढली. मी सरळ जाऊन त्या पाटावर बसले. विधवा बाई, पुरुषाच्या पाटावर! पोटभर जेवले. पिठीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं. ती पान उचलायला वाकली.

"आते, ह्या पान कधी रिकामा होय नाय. आज झाला," म्हणाली, आणि जी रडायला लागली. मी उष्ट्या हातानेच तिला जवळ घेतलं, तशी म्हणाली, "ते हंय नव्हते, माका म्हायत होता. पण तुमी मागल्या दारी जेवतास, मी चुलीकडे. बोलूचा कोणाशी?"

आता आम्ही शेजारी बसून जेवतो. तिचं एकटं बोलणं थांबलंय. एखाद्या दिवशी दाराकडे बघत थबकते, हाक मारली की येते. गुरुदास, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन घास जास्त जातात.

तुला काय लिहू, असं काल तिला विचारलं. तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्यांका माझा नाव आठवता काय, विचारा. कार्डात 'घरची मंडळी' लिवतत. हंय त्या पानार जेवूक येत, ते माका कावेरी म्हणीत."

तेव्हा याचं उत्तर मला नको. तिला लिही, आणि पत्त्यावर तिचं नाव घाल. तू यावंस की नाही, ते वाचून तीच सांगेल.

तुझं बरं चिंतणारी, पण तिच्या बाजूची,
सुभद्राआत्या