वरकुट्याचं रक्त

सोमेश्वरनगर, मार्च १९९७

प्रिय मोना,

तुमचा बस्ता बांधून झाल्याचं रविराजनं कळवलं. कॉलेजातली मैत्रीण भावजय होऊन येणार, मी नाचायला हवं होतं. पण दिवाळीपासून मी छकुलीला घेऊन गोठ्याशेजारच्या खोलीत राहते आहे. पोर चालायला लागली आणि तिच्या तळपायांना पाण्यानं टरारलेले फोड येऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो महारोग हाय. हिला सैपाकघरात आणायची न्हाय." ह्यांनीच माझी ट्रंक उचलून गोठ्याकडं नेली.

मी हट्टानं तिला पुण्याला दाखवलं. उन्हाळ्यात माझ्याही पायांना फोड येतात हे ऐकून तिथल्या डॉक्टरीणबाई थेट माझ्या माहेरी, वरकुट्याला पोचल्या आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. आमचे आजोबा, आबांचे वडील, मेंढरांमागं फिरायचे. त्यांचे पाय चालून चालून फुटतात, असंच आम्ही समजत होतो. नमुने परदेशी गेले, गेल्या आठवड्यात निकाल आला. कातडीला बळ देणाऱ्या एका जनुकात खोट आहे. आबांत, माझ्यात, छकुलीत, तीच एक. महारोग नाही, कुणाला लागत नाही. पण बरं करणारं औषधही नाही. ज्याच्यात ती खोट असेल, त्याच्या प्रत्येक मुलात ती उतरण्याची शक्यता निम्मी.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंजी खोट तुमच्याच रक्तात. जा मग तिकडंच." तिकडं गेले, तर आबांनी माझा हात छकुलीच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. "वैशाखात लगीन हाय. तवर तोंड उघडलंस, तर ह्या घराची पायरी चढू नगंस." मुकाट परत आले. ह्या खोलीला खिडकी नाही, मोना. पोरीला उन्हात काढायचं तरी आधी अंगणात कोण आहे ते बघावं लागतं.

ती खोट रविराजमध्येही आहे. भर उन्हाळ्यात तो मोजे का घालतो, ते आता तुला कळेल. माणूस लाखात एक आहे, फक्त तुला गमावण्याच्या भीतीनं गप्प आहे. लग्न कर की करू नकोस, ते मी सांगणार नाही. पण उद्या तुझ्या लेकराला फोड आले, तर आमचेच लोक तुला विचारतील, माहेराहून काय घेऊन आलीस? म्हणून पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडली. हे मी लिहिलं, असं कुणाला सांगू नकोस. नाही, सांग. माझं नाव घेऊनच सांग.

तुझीच,
योगिनी